सामाईक शब्द : मराठी-गुजराती याद्यांच्या स्क्रिप्टच्या नोंदी

२० डिसेंबर

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवतो म्हणजे पुढे फाटे फुटायला नकोत. बडोद्यात दांडिया बाजारात एक ताई दर शनिवारी लहान मुलांचा मराठी वाचनाचा वर्ग घेतात. मुलं घरी मराठीच बोलतात पण शाळा गुजराती मीडियम, त्यामुळे वाचता येतं ते गुजराती, आणि देवनागरी समोर आली की डोक्यावरची रेघ बघूनच अर्धी पोरं गप्प होतात. ताईंना शब्दांची कार्डं छापायचीयेत, एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला तोच शब्द दोन्ही लिप्यांत, आणि पहिल्या गठ्ठ्यात फक्त असे शब्द हवेत जे घरी पण तेच आणि शाळेत पण तेच. पाणी, गाडी, टपाल, पतंग, दोरी. म्हणजे शब्द नव्याने शिकायचा नाही, नुसतं अक्षर ओळखायचं.

याद्या दोन. मराठी यादी ताईंनी एक्सेलमध्ये टाइप केलीये, दोनेक हजार शब्द. गुजराती यादी आमच्या शेजारच्या बेननी दिली, त्या प्राथमिक शाळेत शिकवतात, त्यांनी फोनच्या नोट्समध्ये पहिली ते चौथीच्या मुलांना येतात असे शब्द लिहिलेत, तीनेक हजार. स्क्रिप्टने दोन्हीत असलेले शब्द काढून द्यायचे.

ऐकायला एका ओळीचं काम. पायथनमध्ये (प्रोग्रामिंगची भाषा) दोन सेट म्हणजे शब्दांचे गट करा, मध्ये अँडची खूण टाका, इंटरसेक्शन म्हणजे दोन्हीत असलेले शब्द तयार. ते करून बघितलं, आउटपुट रिकामं आलं, आणि यायचंच होतं, कारण एक यादी देवनागरीत आणि दुसरी गुजराती लिपीत, आपल्या डोळ्याला दोन्ही 'क' भाऊ-भाऊ दिसले तरी मशीनला ते दोन वेगळे आकडे. पण रिकामा सेट बघून कामाला सुरुवात केलेली बरी असते, निदान खोटं काही आलं नाही.

२१ डिसेंबर

लिपीचं काम वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या पद्धतीत, भारतीय लिप्यांचे ब्लॉक १९८८ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या कोडच्या मांडणीवर बेतलेत, त्यामुळे देवनागरीत क जिथे बसलाय तिथेच गुजराती ब्लॉकमध्ये गुजराती क बसलाय. देवनागरी क चा नंबर २३२५, गुजराती क चा २७०९, फरक ३८४. ख घ्या, ३८४. काना घ्या, ३८४. ळ घ्या, तिथेही ३८४, आणि ळ दोन्हीकडे आहे ही आपल्यासाठी मोठी सोय, फळ, शाळा, दिवाळी हे सगळे सरळ जुळतात. म्हणजे गुजराती अक्षराच्या नंबरातून ३८४ वजा केले की देवनागरी अक्षर हातात.

दोन गोष्टी मात्र टेबल उघडून बघितल्याशिवाय कळत नाहीत. एक, वजाबाकी आंधळेपणाने सगळ्या ब्लॉकवर चालवायची नाही. गुजराती ब्लॉकमध्ये रुपयाचं एक स्वतःचं चिन्ह आहे, त्यातून ३८४ काढले की देवनागरीतलं वर दिलं जाणारं टिंब मिळतं, त्याचा रुपयाशी काडीचा संबंध नाही. आणि दंड, म्हणजे पूर्णविरामाची उभी रेघ, गुजरातीला वेगळी दिलेलीच नाही, देवनागरीचीच वापरायची, त्यामुळे ती आधीच आपल्याकडची असते. मी फक्त स्वर, व्यंजनं, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त आणि अंक एवढ्यांनाच वजाबाकी लावलीये, बाकी जसंच्या तसं पुढे सोडलंय.

दोन, दिशा. गुजरातीकडून देवनागरीकडे यायचं, उलटं जायचं नाही. आपल्याकडे 'ऱ' आहे, गुजराती ब्लॉकमध्ये त्याच्या जागी खड्डा आहे, तिथे काहीच नेमलेलं नाही, म्हणून 'दुसऱ्या'ला ३८४ मिळवून गुजरातीत पाठवलं तर मधोमध एक रिकामा चौकोन मिळतो.

यापुढे नोंदीत गुजराती शब्द मी देवनागरीतच लिहिणार, वाचायला बरं.

२३ डिसेंबर

चहाला मित्र म्हणाला, पायथन कशाला रे, ग्रेप (फाइलमध्ये मजकूर शोधणारी कमांड) आहे ना. बरोबर आहे, मोकळ्या साध्या याद्या असतील तर ग्रेप पुरतं. एका फाइलमधले शब्द पॅटर्न म्हणून द्यायचे, दुसरी फाइल चाळायची. पण दोन स्विच न विसरता लावायचे, एक अक्षरशः तोच मजकूर शोध म्हणून सांगणारा आणि दुसरा पूर्ण ओळ जुळली तरच घे म्हणून सांगणारा. दुसरा नसला तर 'वर' हा शब्द 'वरण', 'नवरा', 'सरोवर' सगळ्यांना चिकटतो. आणि पॅटर्नच्या फाइलमध्ये एखादी रिकामी ओळ राहिली असेल आणि पूर्ण ओळीचा स्विच नसेल तर रिकामा पॅटर्न सगळ्यालाच जुळतो, आख्खी यादी सामाईक म्हणून बाहेर येते आणि माणूस खूश होतो.

कॉम नावाची कमांड पण आहे, ती दोन्ही फाइल आधी सॉर्ट केलेल्या मागते, आणि दोन्ही एकाच पद्धतीने सॉर्ट केलेल्या हव्यात, म्हणजे लोकेल सी (नुसत्या कोड नंबरांचा क्रम) ठेवून. ऑक या ओळी-ओळीने फाइल वाचणाऱ्या कमांडमध्ये तर छान होतं, पहिली फाइल वाचताना शब्द अ‍ॅरेत टाकत जायचे, दुसरी वाचताना शब्द अ‍ॅरेत आहे का एवढंच विचारायचं, सॉर्टची गरज नाही आणि दुसऱ्या यादीचा क्रम पण टिकतो. ऑक १९७७ पासून आहे आणि अजून तेवढंच कामाचं आहे, मला तर ग्रेपपेक्षा तेच आवडतं.

पण एक्सेलमधून विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारा कॅरेज रिटर्न असतो, फोनवरच्या यादीत नसतो, त्यामुळे या तिन्ही कमांडांना 'पाणी' आणि 'पाणी' वेगळे दिसतात. पायथन टेक्स्ट मोडमध्ये फाइल उघडली की ते आपोआप सांभाळतो. शिवाय मला नुसती बरोबरी नकोय, 'जवळपास तोच' हे पण पकडायचंय, ते पुढे येईल. पायथन फायनल.

२७ डिसेंबर

आज फंक्शनचा सांगाडा. अट एवढीच की ताईंच्या यादीचा क्रम बदलता कामा नये, त्यांनी सोप्याकडून अवघडाकडे असे शब्द लावलेत, आधी बिनजोडाक्षरी मग जोडाक्षरी. सेटला क्रम नसतो, दोन सेटचं इंटरसेक्शन घेतलं की शब्द मिळतात पण कसेही. सॉर्ट केलं तर अजून वेगळी गंमत, पायथन कोड नंबरप्रमाणे लावतो म्हणून ळ येतो ल आणि व च्या मध्ये, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर, आणि 'ॲ' ने सुरू होणारे शब्द थेट ह च्याही खाली जाऊन बसतात. त्यामुळे सॉर्ट नाहीच, ताईंच्या यादीवरून क्रमाने जायचं आणि प्रत्येक शब्द दुसरीकडे आहे का ते विचारायचं.

ते विचारणं लिस्टला विचारायचं नाही. लिस्ट पहिल्यापासून एकेक शब्द तपासत जाते, दोन हजार गुणिले तीन हजार म्हणजे वाईटात वाईट ६० लाख तुलना. सेट किंवा डिक्शनरी (प्रत्येक किल्लीसमोर एक नोंद ठेवणारी) हॅशवर, म्हणजे शब्दावरून थेट त्याची जागा काढणाऱ्या गणितावर चालते, एका विचारण्यात उत्तर. आपल्या आकाराला खरं तर दोन्ही चालून जाईल, फरक डोळ्याला जाणवायचा नाही, पण उद्या कोणी लाखभर शब्दांची यादी आणून दिली तर लिस्टवाला रडत बसेल.

सध्या असं आहे (कीवर्ड इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थात मूळ आहेत, बाकी नावं मात्र खरंच देवनागरीत ठेवलीत, पायथन ३ ला चालतं):

डेफ सामाईक(मराठी, गुजराती, किल्ली):
    कोश = {}
    फॉर श इन गुजराती:
        कोश.सेटडिफॉल्ट(किल्ली(श), []).अपेंड(श)
    रिटर्न [(श, कोश[किल्ली(श)]) फॉर श इन मराठी इफ किल्ली(श) इन कोश]

यात महत्त्वाचं 'किल्ली'. शब्द जसा टाइप केलाय तसा दाखवायचा पण तुलना करायची त्याच्या किल्लीची. किल्ली म्हणजे एक छोटं फंक्शन जे शब्द घेऊन त्याचं घासूनपुसून केलेलं रूप परत देतं. आज किल्ली फक्त ३८४ ची वजाबाकी करते. आणि उत्तर नुसता शब्द नाही तर जोडी, मराठी शब्द आणि त्याच किल्लीचे गुजरातीतले सगळे शब्द. 'सगळे' म्हणून लिस्ट, कारण एका किल्लीवर दोन शब्द बसू शकतात.

चालवलं आणि भराभर जोड्या आल्या. पाणी, गाडी, शाळा, टोपी, नदी, कान, नाक, सोमवार, रविवार. ताईंना फोटो पाठवला, त्यांचा लगेच मेसेज, गणपती कुठाय?

२८ डिसेंबर

गणपतीआधी दुसरं निघालं. मराठी यादीतला पहिलाच शब्द 'अंक', गुजरातीत पण 'अंक', जुळत नाही. एक्सेलने यूटीएफ-८ सीएसव्ही सेव्ह करताना फाइलच्या अगदी सुरुवातीला बॉम टाकलाय, न दिसणारं एक चिन्ह, ते पहिल्या शब्दाला चिकटून बसतं. स्ट्रिप केलं तरी जात नाही, कारण पायथनच्या लेखी ती स्पेस नाहीये. फाइल उघडतानाच एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्यायचं, मग तो स्वतः गिळून टाकतो. कुठल्याही यादीत फक्त पहिला शब्द जुळत नसेल तर दुसरीकडे बघायची गरजच नाही, हेच असतं.

मग न दिसणारे बाकीचे. फोनच्या कीबोर्डवरून झीरो विड्थ जॉइनर आणि नॉन जॉइनर (शेजारची अक्षरं जोडा किंवा जोडू नका एवढंच सांगणारी चिन्हं) येतात, ते पण स्ट्रिपने जात नाहीत, शब्दाच्या पोटात असले तर तसेही जाणार नाहीत. सरळ रिप्लेस करून उडवावेत असं वाटतं, पण मराठीत थांबायला लागतं. 'दऱ्या' दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात द, मग ०९३१ चा ऱ (हे नंबर आता हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मांडणीत), हलन्त, य, काना. दुसऱ्यात द, साधा ०९३० चा र, हलन्त, मग २००डी चा जॉइनर, य, काना. दिसायला दोन्ही दऱ्या. आता दुसऱ्यातला जॉइनर उडवला की उरतं काय, द, र, हलन्त, य, काना, म्हणजे 'दर्या'. डोंगराच्या दऱ्यांचा समुद्र झाला. म्हणून क्रम ठरवलाय : आधी 'र, हलन्त, जॉइनर' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' घालायचे, मगच उरलेले जॉइनर काढायचे.

नॉर्मलायझेशन पण लावलं, एनएफसी, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तुकड्यांत आलं तर त्याला एका ठरलेल्या रूपात आणणारी युनिकोडची पद्धत. त्याने र खाली नुक्ता अशा दोन तुकड्यांत आलेला ऱ एकसंध होतो. पण जॉइनरला एनएफसी हात लावत नाही, ते आपलं आपल्यालाच करायचं. नेटवर जिथे तिथे 'नॉर्मलाइझ करा, सुटाल' असा सल्ला मिळतो, मराठीपुरतं ते अर्धंच काम आहे.

३० डिसेंबर

बेनची यादी सगळी एका ओळीला एक शब्द अशी नाहीये. मध्ये मध्ये स्वल्पविराम देऊन चार-पाच शब्द एका ओळीत, कुठे कंसात दुसरा पर्याय. तुकडे पाडायला रेग्युलर एक्सप्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायची भाषा) तो नेहमीचा शब्द-अक्षराचा पॅटर्न लावला की तमाशा होतो. पायथनच्या स्वतःच्या रे मॉड्यूलमध्ये शब्द-अक्षर म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर, आणि आपल्या मात्रा युनिकोडच्या हिशेबात 'मार्क' आहेत, अक्षर नाहीत, त्यामुळे प्रत्येक मात्रेवर शब्द फुटतो. 'वडोदरा' दिला तर 'वड' आणि 'दर' मिळतं. 'मराठी' दिला तर 'मर' आणि 'ठ'.

वाईट म्हणजे एरर येत नाही. दोन्ही याद्या असल्याच फोडल्या तर 'वड' आणि 'मर' दोन्हीकडे सापडतात आणि सामाईक शब्दांची संख्या बघून वाटतं काय सुंदर चाललंय. रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल इन्स्टॉल केलं तर ते मात्रा धरून चालतं. मी त्यापेक्षा उलट बाजूने गेलो, शब्द कशाने बनतो ते न सांगता कशावर तुटतो ते सांगितलं : स्वल्पविराम, स्पेस, कंस, दंड, नवी ओळ. यादी माणसाने लिहिलेली आहे, एवढ्यावर भागतं.

३ जानेवारी

आता गणपती. बेनच्या यादीत 'गणपति', ताईंच्या यादीत 'गणपती'. तसंच शक्ति-शक्ती, शांति-शांती, कवि-कवी, गुरु-गुरू, वस्तु-वस्तू. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी मराठीत संस्कृतातून आलेले असे शब्द शेवटी दीर्घ लिहायचे ठरले, गुजरातीने संस्कृतचा ऱ्हस्व तसाच ठेवलाय. आणि नुसतं संस्कृतच नाही, सासु-सासू आहे, लींबु-लिंबू आहे, तिथे तर पहिली वेलांटी पण उलटीपालटी.

किल्लीची दुसरी पायरी केली : सगळ्या दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करायच्या, मात्रा पण आणि सुटे स्वर पण. मूळ शब्दाला धक्का नाही, फक्त किल्लीत. गणपती आला, सासू आली, लिंबू आलं. याची किंमत म्हणून 'दिन' आणि 'दीन' एका किल्लीवर बसले, 'सुत' आणि 'सूत' पण. किल्लीखाली लिस्ट ठेवली होती ती याचसाठी, साधी डिक्शनरी असती तर नंतरच्या शब्दाने आधीचा पुसला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

याच पायरीत अनुनासिकं पण घेतली. 'अन्त' आणि 'अंत', 'सम्प' आणि 'संप' एकच. त्या त्या वर्गाच्या पहिल्या चार व्यंजनांआधी आलेलाच अर्धा न, म, ण वगैरे अनुस्वारात बदलतो, 'अन्न', 'जन्म', 'पुण्य' यांना काही होत नाही. जुन्या पुस्तकांतून ताईंनी काही शब्द घेतलेत, त्यांच्यासाठी हे लागलंच.

४ जानेवारी

ॲप. हे एक अक्षर मराठीत दोन प्रकारे टाइप होतं, एक ०९७२ वालं, ते युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, आणि दुसरं त्याआधीपासूनचं अ वर चंद्र देऊन. गुजरातीतून ३८४ वजा करून येतो तो तिसराच, ए वर चंद्र असलेला ऍ. तिन्ही दिसायला बऱ्यापैकी सारखे, नंबर वेगळे, आणि एनएफसी यांना एक करत नाही. किल्लीत तीन ओळी वाढल्या. चौथीच्या पोरांना ॲप, ॲसिड, ॲम्ब्युलन्स सगळं येतं म्हणून हे पाहिजेच होतं, नाहीतर सोडून दिलं असतं.

९ जानेवारी

घोडो. आंबो. दीवो. कांटो. केळुं. बडोद्यात राहून हे शब्द सामाईक नाहीत असं कोण म्हणेल, पण स्क्रिप्ट म्हणते.

इथे पहिल्यांदा दोन्ही बाजूंना वेगळी किल्ली लागली. गुजराती पुल्लिंगी शब्द ओकारान्त, आपला आकारान्त, म्हणून फक्त गुजराती बाजूला शेवटचा ओ काढून आ लावायचा. मराठी बाजूला असं केलं तर 'तो', 'फोटो' यांची वाट लागेल. दीवो, मग दीवा, मग दुसऱ्या पायरीने दिवा, जुळला. नपुंसकलिंगी उं ला मराठीत अनुस्वार, केळुं म्हणजे केळं, पण ताईंच्या यादीत काही ठिकाणी 'केळे' असं पुस्तकी आहे, तर मराठी बाजूला शेवटच्या ए चा पण अनुस्वार करून बघायचा. म्हणजे फंक्शनला आता एक नाही दोन किल्ल्या जातात, म_किल्ली आणि गु_किल्ली, बाकी सांगाडा तोच राहिला, एक ओळही हलली नाही.

मग दांत आणि दात, पांच आणि पाच, कांटो आणि काटा. यातला गुजराती अनुस्वार मराठीत पण लिहायचे पूर्वी, आजोबांच्या वेळच्या पुस्तकात 'दांत', 'पांच', 'नांव' असंच दिसतं, त्याच १९६२ च्या नियमांनी न उच्चारला जाणारा अनुस्वार काढून टाकला. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ही यादी केली असती तर हे शब्द पहिल्याच फटक्यात जुळले असते. आता अनुस्वार गाळून किल्ली करावी लागते, आणि ती केली की गुजराती 'वांस' म्हणजे बांबू आणि आपला 'वास' हे पण गळ्यात गळे घालतात.

म्हणून ठरवलंय की पायऱ्या मिसळायच्या नाहीत. पहिल्या पायरीवर जुळले ते वेगळे, दुसरीवर जुळले ते वेगळे, तिसरीवर म्हणजे शेवट बदलून किंवा अनुस्वार गाळून जुळले ते वेगळे. फंक्शन तीनदा चालवायचं, आधीच्या पायरीला सापडलेले शब्द पुढच्या पायरीला मराठी यादीतून वगळायचे, आणि आउटपुटमध्ये तिसरा रकाना, पायरीचा नंबर. ताईंनी पहिली पायरी नुसती डोळ्याखालून घालायची, दुसरी जरा बघून, तिसरी एकेक शब्द वाचून. सगळ्याला एकच ढिली किल्ली लावून भरपूर शब्द काढता आले असते पण मग बघणाऱ्याला सगळंच सारख्या संशयाने बघावं लागतं, आणि दोन हजार शब्द कोणी तसे बघत नाही.

११ जानेवारी

ताई आणि बेन दोघींना एकत्र बसवलं, आमच्याकडेच, सेव उसळ मागवली. पहिल्या पायरीची यादी पुढे ठेवली, म्हटलं यात बघण्यासारखं काही नाही. तिसऱ्या मिनिटाला 'वादळ'वर दोघी थांबल्या. बेननी चित्र सुचवलं ढगाचं, ताईंनी झाडं वाकलीयेत असं. अक्षरन्‌अक्षर तोच शब्द, पहिल्या पायरीचा, गुजरातीत तो ढग. मग 'वात' आली, ताईंच्या डोळ्यासमोर समईची, बेनच्या लेखी गप्पा. 'माळा'वर चित्र फुलांच्या हाराचं की घरातल्या पोटमाळ्याचं. आणि तिसऱ्या पायरीवर गुजराती 'माळो', म्हणजे पक्ष्याचं घरटं, तो पण आपल्या माळ्यावर चढून बसलेला.

यावर किल्ली नाही. स्पेलिंगवरून अर्थ कळायची सोय याद्यांमध्येच नाहीये, नुसते शब्द आहेत. मी म्हटलं बेन, तुमच्या यादीत प्रत्येक शब्दापुढे एक खुणेचा शब्द टाकता का, झाड, प्राणी, खाणं, घर असं. त्या म्हणाल्या तीन हजाराला नाही टाकणार, पण जुळलेत तेवढ्यांना टाकेन. हे बरोबर, आधी जुळवा मग खूण, उलटं केलं तर सहा महिने जातील. तर चौथा रकाना, ताईंची खूण, पाचवा, बेनची खूण. दोन्ही खुणा सारख्या तर कार्ड, वेगळ्या तर वेगळा ढीग. ताई त्या वेगळ्या ढिगावर खूश आहेत, म्हणतात मोठ्या मुलांना त्याचाच खेळ करू.

ताईंचे यजमान तिथेच बसले होते, ते म्हणाले हे काम बडोद्यात नवीन नाही, सयाजीरावांच्या राज्यात १९३१ मध्ये 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' निघाला होता, कारभारातले शब्द, इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी वगैरे भाषांतले पर्याय शेजारी शेजारी. ते आठवून बघितलं तर त्यांची मांडणी आपल्या बरोब्बर उलट आहे. तिथे अर्थ आधी ठरलाय आणि मग शब्द लावलेत, त्यामुळे ढग आणि वादळ एका ओळीत येणं शक्यच नाही, पण सामाईक शब्द कोणते हे ओळीओळीने डोळ्यांनी शोधावं लागणार. आपण शब्दावरून अर्थाकडे निघालोय म्हणून आपल्याला शेवटी माणूस लागतो. कधी वेळ मिळाला तर तशा रकान्यांवर हेच फंक्शन आडवं चालवून बघायचंय, एका ओळीतल्या दोन रकान्यांची किल्ली एक आहे का एवढंच विचारायचं.

१४ जानेवारी

उत्तरायण. गच्चीवर. लॅपटॉप बंद.

१८ जानेवारी

बोटं अजून मांज्याने कापलेली आहेत, टाइप हळू.

टेस्ट लिहून टाकल्या, कारण किल्लीत आता बऱ्याच ओळी झाल्यात आणि त्यांचा क्रम हलला की गप्पपणे बिघडतं. छोट्याच आहेत. 'पाणी' पहिल्या पायरीवर जुळलाच पाहिजे. 'गणपति' आणि 'गणपती' दुसरीवर, पहिलीवर जुळता कामा नये. 'दीवो' आणि 'दिवा' तिसरीवर. 'दऱ्या' दोन्ही प्रकारे टाइप केलेला, आपसात एकच. 'दऱ्या' आणि 'दर्या' कुठल्याही पायरीवर नाही. 'अन्न' जसाच्या तसा राहिला पाहिजे. बॉमवाली फाइल. रिकाम्या ओळींची फाइल, तिथे रिकामी किल्ली तयार होऊन रिकाम्याला रिकामं जुळायचं, म्हणून किल्ली रिकामी आली तर तो शब्द सोडायचा अशी एक ओळ फंक्शनमध्ये घातली. आणि एकच शब्द दोनदा असलेली यादी, ताईंनी 'भात' दोनदा लिहिलाय, तर जोडी एकदाच यायला हवी. ते डिक्शनरीच्या फ्रॉमकीजने होतं, पायथन ३.७ पासून डिक्शनरी टाकलेल्या क्रमातच राहते हे आता भाषेनेच कबूल केलंय, म्हणून डुप्लिकेट जातात आणि ताईंचा क्रम पण राहतो.

'दऱ्या'ची टेस्ट स्क्रिप्टमध्ये थेट टाइप करायची नाही, कोड नंबर देऊन लिहायची, कारण एडिटर सेव्ह करताना कधी जॉइनर खातो आणि मग दोन्ही बाजूंना एकच शब्द राहून टेस्ट आपली पास होत बसते.

२४ जानेवारी

पहिला गठ्ठा छापायला गेला. पहिल्या दोन पायऱ्यांचेच शब्द, खुणा जुळलेले. तिसऱ्या पायरीचे, म्हणजे घोडो-घोडा वगैरे, ताईंना दुसऱ्या गठ्ठ्यात हवेत, तिथे कार्डावर दोन्ही शब्द वेगवेगळे दिसणार आणि पोरं स्वतःच ओ चा आ करतील असं त्यांचं म्हणणं. छापणाऱ्याकडे गुजराती फॉन्ट वेगळा आणि देवनागरी वेगळा असल्याने फाइल दोन रकान्यांतच दिली, गुजराती रकान्यात बेननी लिहिलेला मूळ शब्द, किल्ली कुठेही छापायला जाऊ द्यायची नाही, ती 'गणपति'ला 'गणपति' ठेवते पण 'नदी'ची 'नदि' करते.

बाकी राहिलेलं : बेन अजून शब्द पाठवणारेत, पाचवीची यादी. ताईंच्या बहिणीला इंदूरला हेच हिंदीसाठी पाहिजे. तिथे ३८४ चा प्रश्न नाही, लिपी एकच, पण हिंदीत ळ नाही, आपला फळ तिकडे फल, म्हणून पहिल्या पायरीवर फार कमी सापडेल आणि ळ चा ल करणारी किल्ली लावली की माळ आणि माल एक होणार. ड आणि ढ खालचा नुक्ता पण आहे, तो एनएफसीनंतर नेहमी सुट्टाच राहतो, त्याला काढायचं की ठेवायचं ते यादी बघून. यादी आली की नवीन म_किल्ली आणि हिं_किल्ली, फंक्शनला हात लावायचा नाही.